कंसातली उदाहरणं

डोळे अधू झाल्यामुळे यजमानांना शाळेतली नोकरी सोडावी लागली, तेव्हापासून ते वऱ्हाडी शब्द जमवू लागले. ते सांगायचे, मी लिहून घ्यायची. मी खामगावात एका छापखान्यात टायपिंग करत असे. दुसऱ्या दिवशी तिथल्या संगणकावर ते चढवायची. आधी शब्द, मग अर्थ, मग कंसात एखादं वाक्य. वाक्यं ते घरातलीच उचलत.

‘पऱ्हाटी’ला, म्हणजे कपाशीला, त्यांनी वाक्य सांगितलं, "पऱ्हाटीतून आली अन् मलेच विचारते, भात काऊन लागला."

"हे पुस्तकात जाणार आहे. लोक काय म्हणतील?"

"म्हनतीन, मास्तरची बायको खमकी होती. लिव."

‘ह’पर्यंत आलो आणि ते गेले. चार शब्द राहिले होते, ते मी पुरे केले. त्यांच्या शाळेतले सहकारी पुस्तक छापायला तयार होते, पण छापखान्याचे मालक म्हणाले, "बाई, लई जाड होते. शब्द अन् अर्थ ठेवा. उदाहरणं काढा."

काढायला बसले. तो संगणक नुसत्या कळांवर चालायचा. कंसात कुठंही जाऊन दोन कळा दाबल्या, की उघडत्या कंसापासून मिटत्या कंसापर्यंतचा सगळा मजकूर उजळायचा. तिसरी कळ दाबली की कंसासकट नाहीसा. काम सोपं होतं. फक्त उजळलं की वाचलं जायचं.

‘आवतन’: आवतन नाही तं जेवाले काऊन जाऊ? गेलं. ‘वावर’: वावरात जीव लागत नाही, घरी हे बोलू देत नाही. त्यांच्या बोलीतली ही ‘हे’ म्हणजे मी. गेलं. दुपारपर्यंत मी ‘स’ संपवला. डबा तसाच राहिला.

‘हाव’पाशी दोन कळा दाबल्या. काहीच उजळलं नाही. पुन्हा दाबल्या. मग नीट पाहिलं.

हाव: होय. (म्या म्हटलं शेगावले जाऊ, तं हे म्हनते, हाव, पन

कंस मिटलेला नव्हता. इथं त्यांना खोकल्याची उबळ आली होती. "उद्या सांगतो," म्हणाले. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं.

त्या ‘पन’च्या पुढं मी काय बोलले होते, मला आठवत नाही. काम असेल, पाहुणे असतील. शेगाव इथून किती लांब? पण आम्ही गेलो नाही, एवढं खरं.

आता ‘पन’नंतर मिटता कंस टाकला असता, तर जोडी जुळून ओळ निघाली असती. कळेवर बोट ठेवून बसले.

"झालं का, बाई?" मालकांनी विचारलं.

"झालं," मी म्हटलं आणि पुढच्या शब्दावर गेले.

प्रुफं आली, तेव्हा तपासणाऱ्यानं तिथं लाल शाईनं कंस मिटवून दिला होता. तो मी खोडला.