पुनानानांची वीज

आमचे शेजारी पुनानाना एकतीस वर्षं वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये होते. लोड वाढवायचा तर साहेबांचा फोन यायचा, उतरवायचा तरी साहेबांचाच. स्वतःच्या मनाने त्यांनी कधी एक बटण दाबलं नाही. निवृत्त होऊन पाचोऱ्याला आले आणि धुळ्यात कॉम्प्युटरचं दुकान चालवणाऱ्या पुतण्याकडून, अमृतकडून, डेस्कटॉप जोडून घेतला. भाऊबंदांच्या लग्नांचे व्हिडिओ जोडणार म्हणाले. पण प्रोसेसरचा वेग आपला आपल्याला वाढवता येतो हे कळलं आणि लग्नं तशीच राहिली.

साडेतीन गिगाहर्ट्झचा वेग त्यांनी साडेचारवर नेला. विचारायला कोणी साहेब नव्हता, त्यामुळे आठवडाभर नाना गल्लीतून नवरदेवासारखे चालत होते.

मग यंत्राने रंग दाखवले. जोरात काम चालू असताना पडदा एकदम काळा व्हायचा आणि सगळं पहिल्यापासून सुरू. नाना डगमगले नाहीत. त्यांनी जाड वही आणली, रकाने आखले: वेळ, वेग, तापमान, प्रोसेसरचा व्होल्टेज, शेरा. दर अर्ध्या तासाला रीडिंग. एका रीडिंगसाठी ते बायकोच्या भाचीच्या साखरपुड्यातून उठून आले, आणि सासरच्या लोकांना कारणही खरं सांगितलं.

वेग एकेक पायरी उतरवून पाहिला. प्रोसेसरचा व्होल्टेज किंचित चढवला. रॅमच्या पट्ट्या आलटूनपालटून लावल्या. प्रोसेसर थंड ठेवणारी पेस्ट पुसून नवी लावली, पंखा बदलला. तापमान अठ्ठ्याहत्तर अंशांच्या वर जात नव्हतं. मूळ वेगावर यंत्र शहाण्यासारखं चालायचं. वेग वाढवला की दिवसातून दोनतीनदा मान टाकायचं.

अमृतने फोनवर निकाल दिला की प्रोसेसरला हा वेग झेपत नाही. नाना ऐकेनात. शेवटी पैज लागली. रविवारी अमृतसमोर सहा तास पूर्ण लोडवर चाचणी, आणि यंत्र एकदा जरी बंद पडलं तरी वेग मूळ पदावर येणार, सेटिंगला कुलूप लागणार, पासवर्ड अमृतकडे राहणार. त्या दिवशी नानांना जेवण गेलं नाही. डोक्यावर पुन्हा साहेब, आणि तोही आपण खांद्यावर खेळवलेला.

शनिवारी दुपारी त्यांची बायको सुंदरबाई, आमच्या अक्का, ज्वारी निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जवय छगननी गिरणी चालू व्हस, तवय तुमनं यंत्र बंद पडस."

छगनची पिठाची गिरणी नानांच्या घराला लागून आहे. ती सुरू झाली की आमच्या ट्यूबलाइट मलूल होतात, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. नानांना नव्हतं. वीज तयार करणारा माणूस विजेवर संशय कसा घेणार? मी व्होल्टेजची तक्रार केली की ते म्हणत, वीज आमच्याकडून बरोबर निघते. तुमचीच ट्यूब खराब असेल. त्यांच्या या उत्तरापायी मी तीन चांगल्या ट्यूब फेकल्या. अजून राग जात नाही.

अक्कांवर ते खेकसलेच. पण नंतर त्यांनी वही उघडली, आणि मी समोरच बसलो होतो म्हणून सांगतो, त्यांचा चेहरा उतरला. यंत्र बंद पडल्याची प्रत्येक नोंद गिरणी चालू असण्याच्या वेळेतली होती. वेग वाढवलेलं यंत्र वीज जास्त ओढायचं आणि नेमकी तेव्हाच ती कमी पडायची. वहीत पाच रकाने, पण भिंतीतल्या विजेचा एकही नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

रविवारी अमृत यायचा होता. तो येण्याआधी नाना स्वयंपाकघरात गेले. चार वर्षांपूर्वी अक्कांनी फ्रीजसाठी स्टॅबिलायझर आणला, तेव्हा नाना दोन दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते; घरात ही पेटी म्हणजे त्यांच्या नोकरीचा अपमान होता. आता तिच्यासमोर ते नुसतेच उभे राहिले. अक्कांनी काही न विचारता फ्रीजची पिन काढली आणि पेटी त्यांच्या हातात दिली. अक्कांच्या जागी मी असतो तर आधी माफीनामा लिहून घेतला असता.

यंत्राची पिन पेटीत लागली आणि पेटी टॉवेलात गुंडाळून टेबलाखाली गेली. नऊला अमृतसमोर चाचणी सुरू झाली. अकराला गिरणी घरघरली, ट्यूब मलूल झाली, टेबलाखाली टक्‌ असा आवाज झाला. नानांची पेन्सिल थांबली. यंत्र चालूच राहिलं. तीन वाजेपर्यंत चालूच राहिलं.

अमृत मनापासून चकित झाला. दोष सापडला कुठे, असं त्याने विचारलं. जुन्या पेस्टमध्ये म्हणून सांगा, अशी मी मागून खूण करत होतो. पोराने ते मुकाट्याने मानलं असतं. पण नानांनी वाकून टॉवेल ओढला.

"मना प्रोसेसर चांगला शे," ते म्हणाले. "वीज कमी पडनी. आमनी वीज."

मला हसू येणार होतं, ते आलं नाही. दारात अक्का उभ्या होत्या. नवऱ्याचं चुकलं हे त्याच्याच तोंडून ऐकायला त्यांनी संसारभर वाट पाहिली असणार, आणि ऐकल्यावर त्यांनाच ते सहन होईना.

"वीज चांगली शे," त्या अमृतला ठणकावून म्हणाल्या. "गल्लीनी तार जुनी शे."

नानांनी मान खाली घालून तीनचं रीडिंग लिहिलं.