मेहुण्यांनी पाजलेली सिगार

मी आयुष्यात एकदाच सिगार ओढली. तिची चव अजून आठवते, कारण ती मी सूड म्हणून ओढली होती.

माझी आई सिन्नरला विड्या वळायची. त्या विड्यांवर मी शाळा शिकलो, नाशिकला राहून बी.एस्सी. झालो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. लग्नानंतर बायकोच्या थोरल्या भावानं शब्द टाकून मला अंधेरीच्या एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत लावलं. हे मेहुणे जहाजावर इंजिनिअर होते आणि बोरिवलीत स्वतःच्या ब्लॉकमध्ये राहायचे. त्यांचे उपकार मी तेव्हा मानत होतो, आजही मानतो. म्हणून तर मुलीच्या बारशाला मी गप्प बसलो.

बारसं त्यांच्याच घरी होतं. आई सिन्नरहून आली होती. जुन्या मऊ लुगड्यांचं दुपटं तिनं हातानं शिवून आणलं होतं. तिनं ते पाळण्यात अंथरलं, तेवढ्यात मेहुण्यांनी ते उचललं, नाकाला लावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय जावईबापू, पोरीला आत्तापासून विडीची सवय लावता की काय?"

सगळा हॉल हसला. त्यांनी दुपटं नेऊन बाल्कनीतल्या दोरीवर टाकलं. थोड्या वेळानं आईनं ते काढलं, नीट घडी घालून पिशवीत ठेवलं. जेवताना ती अर्ध्या ताटावरून उठली. मी मान खाली घालून श्रीखंड खात होतो. तेव्हाच मनात ठरवलं, याचं उत्तर द्यायचं, आणि याच हॉलमध्ये, याच लोकांसमोर द्यायचं.

पुढच्या पावसाळ्यात मेहुणे सुट्टीवर आले, ते सिगारची पेटी घेऊन. त्यांना आता जहाज नको झालं होतं, कंपनीच्या ऑफिसात खुर्ची हवी होती. ती ज्यांच्या हातात होती त्या कॅप्टनसाहेबांना त्यांनी रविवारी चहाला बोलावलं होतं. आम्ही आदल्या आठवड्यात मुलुंडहून भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी मला पेटी उघडून दाखवली.

"बघून ठेवा. भारीतली आहे, पण एकदम माइल्ड. कॅप्टनसाहेबांना अशीच लागते."

"ठेवणार कुठे, दादा? हवा किती ओली आहे," बायकोनं विचारलं.

"म्हणून तर कपाटात. इथं चपलांनासुद्धा बुरशी येते गं."

त्यांनी लोखंडी कपाट उघडलं. आत त्यांचे लोकरीचे सूट टांगलेले आणि खाली कागदात बांधलेल्या डांबरगोळ्या. वास माझ्या डोळ्यांत गेला. त्यांना काही जाणवलं नाही, कारण त्यांच्या अंगावरच्या कपड्यांनाही तोच वास होता. पेटी त्यांनी सुटांच्या खाली सरकवली.

तंबाखू शेजारचा वास ओढून घेते. आई तंबाखूच्या सुपाजवळ रॉकेलचा स्टोव्ह पेटवू द्यायची नाही, कांदासुद्धा लांब चिरायला लावायची. हे सांगायला मी तोंड उघडलंच होतं. मग म्हणालो, "हो. तिथं कोरडी राहील."

रविवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून, बायको-मुलीला घेऊन वेळेआधी पोचलो. बारशाला हसलेले शेजारी होतेच. कॅप्टनसाहेब मधल्या सोफ्यावर बसले होते. त्यांनी सिगार पेटवली, एक झुरका घेतला, मग दुसरा. मग ती बशीत टेकवून पाणी मागितलं.

"कसला रे हा वास?"

"लाकडाचा, सर. पेटी देवदाराची असते ना."

साहेबांनी बशी लांब सरकवली. मेहुण्यांना घाम फुटला आणि हशा पिकवायला ते माझ्याकडे वळले. "हे आमचे जावईबापू. यांच्या घरात तंबाखूचंच काम. घ्या हो, तुम्हीच परीक्षा करा. पण छातीत ओढू नका, विडी नाही ती!"

लोक हसले. मी एक उचलली. मला घाई नव्हती. वरचं पान गुळगुळीत होतं, शिरा बारीक. दाबून पाहिली, भरणी सगळीकडे सारखी होती. पेटवल्यावर निखारा सरळ वर चढत गेला, राख पांढुरकी, न गळता टिकून राहिली. धूर तोंडात घोळवला. जिभेला चटका नाही, घशाला ठसका नाही. भाजलेल्या शेंगांच्या टरफलांसारखी एक गोडसर चव होती. आणि तिच्यावर, जिभेपासून टाळूपर्यंत, डांबरगोळी.

"माल उत्तम आहे," मी म्हणालो. "सौम्य आहे, जळते झकास. ज्यानं वळली त्याचा हात चांगला. पण सिगार लागतच नाही, डांबरगोळ्या लागतात. सुटांच्या कपाटात ठेवली होती ना, दादा?"

हॉलमध्ये कोणीतरी फिस्सकन हसलं. कॅप्टनसाहेबांनी सिगार पुन्हा नाकाशी नेली आणि म्हणाले, "अरे हो! तेच की!" मग तेही हसायला लागले.

"चेष्टा करतात," मेहुणे म्हणाले.

"चेष्टा नाही. माझ्या आईच्या हाताला तंबाखूचा वास येतो, तो तुम्हाला बारशाला लगेच कळला. मला वाटलं, हाही कळला असेल."

या वेळी कोणी हसलं नाही. मेहुण्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. ते बशी घेऊन आत गेले आणि चहा येईपर्यंत बाहेर आले नाहीत. कॅप्टनसाहेब चहा घेऊन लगेच निघाले.

परतताना बायको म्हणाली, "दादाचं तेव्हा चुकलंच होतं. पण साहेबांसमोर? इतके दिवस मनात धरून?"

"हो," मी म्हणालो. तिनं मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि माझ्या पुढं चालू लागली.

पावसाळा संपायच्या आत मेहुणे पुन्हा जहाजावर गेले. मला वाईट वाटलं नाही.

दिवाळीला सिन्नरला गेलो तेव्हा आईला हे सांगितलं. ती विड्या वळत होती, हात थांबले नाहीत. फक्त म्हणाली, "पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या बाया सुपं घेऊन ओट्यावर बसल्या, तर तिनं मला हाक मारून बाहेर बोलावलं आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. मी कॅप्टनसाहेब चहा घेऊन गेले इथवर येऊन थांबलो.

"असं नाही," आई बायांकडे वळून म्हणाली. "त्या मेहुण्याचं तोंड कसं झालं, ते राहिलं सांगायचं."