फेटा बांधून काढलं

शाल-नारळ म्हणलं की मला मळमळतंय. कुणाचा सत्कार हाय असं कळलं तर म्या त्या वाटंनं जात न्हाई. आमच्याकडं माणसाला काढायचं असलं की तोंडावर सांगायची कुणाची छाती होत न्हाई, मंग त्याला फेटा बांधतात. भजनी मंडळातल्या तातेरावचा आवाज बसला तव्हा असंच केलं. ज्येष्ठ गायक म्हणून खुर्ची दिली, शाल पांघरली, आन् पुढच्या एकादशीला त्याचे टाळ दुसऱ्याच्या गळ्यात. तातेराव अजून पारावर सांगत बसतो, गावानं माझा लई मान केला. आता बोला!

आमच्या घरातबी तेच झालं. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पन आज घेते. रखमाजी. गाव त्यांना आबा म्हणतं.

कुणी माणूस शेतीचा असतो, कुणी देवाचा, कुणी बाटलीचा. आमचे हे कबड्डीचे. लग्न झालं तव्हा स्वतः खेळायचे. पुढं एकदा पकडीत खांदा निखळला, तो नीट बसलाच न्हाई. मला वाटलं, चला, सुटलो एकदाचे. कशाचं काय! खेळणं गेलं तर हे मैदानाच्या कडंला जाऊन उभे राह्यले. आमच्या संघाकडून चढाईला कोण जाईल आन् तिकडं जाऊन काय करील, ते हे सांगायचे. "चाखून ये" म्हणले की पोरानं नुसतं फिरून यायचं, समोरच्यांना दमवायचं, अंगाला हात लावायचा न्हाई. "उचलून आण" म्हणले की गडी मारूनच यायचं. ह्यांच्या तोंडून शब्द निघाल्याबिगर एक पोरगं पाऊल टाकत नव्हतं.

आन् घरी? ज्वारी निघाली की वावराचा एक तुकडा पोरांच्या सरावाला मोकळा, त्यातली ढेकळं फोडायची म्या. दिवस मावळला की सगळे धटिंगण ओसरीवर, भाकरी थापायच्या म्या. पोरीच्या साखरपुड्याला पाहुणे दारात उतरले, तव्हा हे जाफराबादला मॅच हाय म्हणून सकाळच्या एसटीनं पसार. बापाच्या जागी माझा भाऊ बसला. म्या किती दिवस बोलले न्हाई, तर ह्यांना ते कळलंसुद्धा न्हाई.

शहाण्णवचं साल असंल. दिवाळीनंतर जत्रांच्या मॅची सुरू झाल्या. आमच्या भागात एका गावची जत्रा उठली की दुसऱ्या गावची भरती, आन् जत्रा म्हणलं की कबड्डी, थेट गुढीपाडव्यापर्यंत. आधी आमची पोरं जिंकली. मंग लागोपाठ हरायला लागली. हसनाबादला तर सगळेच्या सगळे गडी बाद झाले. संघातला वसंता म्हणजे वाघासारखा पोरगा, त्याला हे मॅचभर "चाखून ये, चाखून ये" करत राह्यले. येताना ट्रॉलीतच कुरकुर सुरू झाली.

आता खरं सांगते, चुकत ह्यांचंच होतं. म्या एकदा म्हणलंबी, "आवो, तुम्ही चाखायलाच पाठवणार हे लेकराबाळांना कळतंय, समोरच्या गड्यांना कळणार न्हाई का?" तर म्हणले, "तू तुझ्या भाकरी बघ." बघितल्या मंग.

म्हणून माझं म्हणणं असं, बदलायचं तर बदला की! म्या काय आडवी पडणार होते? पन घरी या, ओसरीवर बसा, चहा घ्या आन् म्हणा, आबा, आता दुसऱ्याला उभं राहू द्या. एवढंच काम होतं. ते कुणाच्यानं झालं न्हाई. पारावर रोज पंचायत भरायची. अर्धे म्हणायचे, आबाला आताच काढा. अर्धे म्हणायचे, मधीच कशाला, पाडवा होऊ द्या, मंग बघू. आन् हे समोरून आले की दोन्हीकडचे लोक दात काढून, "राम राम आबा, बसा की!" शी! मेल्यांची तोंडं आठवली तरी थुंकावं वाटतंय.

शेवटी डोकं चालवलं अण्णासाहेबानं. त्याचं खताचं दुकान. संघाचे बनियन त्यानं दिलेले, म्हणून संघबी त्याचाच. त्याचा भाचा शिवाजी जालन्याला कॉलेजात खेळून आल्ता. ह्यांच्या जागी त्याला उभं करायचं ठरलं. पोरगा काही वाईट नव्हता, त्याला नाव ठेवत न्हाई. पन अण्णासाहेब घरी आला तो गोड हसत. "वहिनी, धावड्याच्या जत्रंत आबाचा जाहीर सत्कार ठेवलाय. तुम्हीबी यायचं बरं का." ह्यांच्याकडं वळून म्हणतो, "फेटा जालन्याहून मागवलाय."

फेटा म्हणल्याबराबर मला तातेराव आठवला. ह्यांच्याकडं बघितलं, तर हे मान खाली घालून सुपारी कातरत बसलेले. "बरं," म्हणले, "येऊ."

धावड्याला मैदानाच्या एका टोकाला स्टेज. ह्यांना फेटा बांधला, शाल पांघरली, हातात नारळ दिला. अण्णासाहेब माइकवर ओरडला, "आजपासून आबा आपल्या संघाचे मार्गदर्शक!" टाळ्याच टाळ्या. माझ्या बाजूला दुर्गाबाई बसल्ती, मला कोपरानं ढोसून म्हणती, "केवढा मान केला गं बाई तुझ्या मालकाचा!" तिचंच डोकं त्या नारळावर फोडावं वाटलं.

तेवढ्यात खाली शिट्टी झाली. हे सवयीनं उठले, नारळ खुर्चीवर ठेवला आन् पायऱ्यांकडं निघाले. अण्णासाहेबानं हात धरला. "आबा, तुम्ही कुठं? तुम्ही इथंच पाहुण्यांजवळ बसा. खाली शिवाजी हाय." ह्यांनी खाली बघितलं. ह्यांच्या जागेवर शिवाजी उभा. सगळी पोरं जमिनीकडं बघून राह्यलेली, एकाचीबी मान वर न्हाई. हे माघारी आले आन् नारळ मांडीवर घेऊन बसले.

शिवाजीनं पहिल्याच चढाईला वसंताला सोडला. वसंता दोन गडी मारून आला. मंग काय, थांबतंय कोण! आमच्या गावानं धावड्याची मॅच मारली, तीबी वाजतगाजत. हरले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू? स्टेजवर हे टाळ्या वाजवत होते. खांदा वर होत न्हाई, तरी वाजवत होते.

निघताना पोरं गुलाल उधळत ट्रॉलीत चढली. हेबी चढाया गेले. ह्यांची जागा ठरलेली, मागच्या फळीला टेकून बसायचं आन् गाव येईस्तोवर एकेका पोराची चूक काढायची. तर वसंता आडवा आला. ह्यांच्या तोंडाकडं न बघता म्हणला, "आबा, तुम्ही जीपमधी बसा. अण्णासाहेबांनी सांगितलंय. इथं फेटा खराब होईल."

ज्याला लहानाचा मोठा माझ्या भाकरीवर केला, त्या पोरानं हे बोलावं! हे जीपमधी पुढं बसले, म्या मागं. समोर ट्रॉली, पोरं नाचून राह्यलेली, धुरळा सगळा आमच्या तोंडावर. मला धीर धरवंना. "आवो, कळतंय का? काढलं तुम्हाला! सत्कार न्हाई हा, काढलंय!" ड्रायव्हरनं ऐकू न आल्यासारखं केलं.

"कळलंय," हे मागं न बघता म्हणले. "अण्णासाहेब घरी आल्ता तव्हाच कळलं."

"मंग गेलात कशाला? बाहुल्यावानी बसलात कशाला?"

"पोरांला मान वर करता येत नव्हती. म्या तिथं भांडलो असतो तर त्यांच्यानं खेळणं झालं असतं का?"

मंग हेच म्हणले, "शिवाजीनं बराबर सोडला वसंताला. म्या नसता सोडला." मंग ट्रॉलीकडं बोट केलं. "पन वसंता माघारी येताना डावा पाय मागं ठेवून राह्यलाय. पुढच्या गावी धरतील त्याला. शिवाजीला दिसलं न्हाई ते."

"मंग सांगा की उद्या जाऊन."

"कसा सांगू? एकानं तरी विचारलं का मला? विचारलं असतं तर सगळं सांगितलं असतं. म्याच शिवाजीला हात धरून माझ्या जागी उभं केलं असतं."

ड्रायव्हरनं उगं हॉर्न वाजवला. मंग हे मागं वळले, खांदा आवळून धरला आन् मला सांगाया लागले. तिसऱ्या चढाईला कुणाला पाठवायला पाहिजे होतं, कोपऱ्यातला गडी कुठं चुकला, वसंतानं पाय कसा टाकावा. मला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. एवढ्या सालात ह्यांनी कबड्डीचा एक शब्द माझ्यापाशी काढला नव्हता. पन आता दुसरं कुणी ऐकाया राह्यलं न्हाई, म्हणून म्या म्हणलं, "हां, मंग? मंग काय करायचं त्यानं?"