आधी नळ, मग चूळ

रोज सकाळी मी टॉवेलच्या घड्या घालायचं निमित्त काढून बाथरूमच्या दाराशी उभी राहते. आत सुधीर, माझा धाकटा भाऊ, दात घासत असतो. तीन महिन्यांपूर्वी त्याचं स्टेम सेल ट्रान्सप्लांट झालं. पेशी माझ्या होत्या. "हिरड्यांवर लक्ष ठेवा, रक्त दिसलं तर लगेच कळवा. दिलेल्या पेशी कधीकधी पेशंटच्याच शरीरावर उलटतात, ते तोंडातही दिसतं," असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हापासून घरात लहान मुलांचा मऊ ब्रश आला आणि माझे कान बेसिनला चिकटले.

आपण सगळे आधी चूळ टाकतो, मग नळ सोडतो. गेले दोन दिवस सुधीर आधी नळ सोडतोय. वाहत्या पाण्यात रंग उरत नाही. फुटलेला गुडघाही तो लहानपणी असाच लपवायचा, पण तेव्हा मी त्याची विजार वर करून बघत असे. आता विचारायचं धाडस होत नाही. लपवणाऱ्याइतकंच न बघणाऱ्यालाही काहीतरी टाळायचं असतं. लाल दिसलं, तर ते काम माझ्याच पेशींचं.

आज ब्रश थांबला. चूळ ऐकू आली. नळ मात्र वाजला नाही. टॉवेल हातात तसाच राहिला.

"ताई, जरा आत ये."

पांढऱ्या फेसात एक तांबडी रेघ होती.

"पेशी तुझ्या, म्हणून सांगत नव्हतो," तो म्हणाला.

मी डॉक्टरांना फोन लावला. तो लागेपर्यंत आम्ही दोघं बेसिनकडे बघत उभे होतो, आणि नळ कुणीच सोडला नाही.