मळणीची पंगत

माझे बाबा आणि काका एकमेकांशी बोलत नसत. काकांनी एकदा न विचारता बैलजोडी विकली होती, तेव्हापासून. पण घर एक, चूल एक, शेतही एकच, त्यामुळे बोलायचं काम माझ्यावर पडे. दोघं एकाच ओसरीवर बसलेले असत आणि बाबा मला म्हणत, "तुया काकाले सांग, उद्या मोटार लावा लागते." काकांना ते ऐकू गेलेलं असे. तरी मी तीन पावलं चालून जाऊन सांगायची. काका म्हणत, "सांग तुया बापाले, आयकू आलं." येणाऱ्याजाणाऱ्यांना यात गंमत वाटे. मला ओसरीवरची ती तीन पावलं नकोशी झाली होती.

वर्षातला एक दिवस मात्र वेगळा असे. सोयाबीनच्या मळणीच्या दिवशी आबा, म्हणजे माझे आजोबा, सगळ्यांना शेतात गोल जेवायला बसवत. भाजीचं पातेलं मधोमध, आणि शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत कोणी उठायचं नाही, असा त्यांचा नियम. एका वर्षी काका अर्धी भाकर टाकून गाय हाकलायला उठले, तर आबांनी ती भाकर त्यांच्यासमोर कुत्र्याला घातली. त्यानंतर गाय येवो की आणखी कोणी येवो, आमच्या पंगतीतून कोणी हललं नाही.

आई आणि काकू पहाटेपासून ज्वारीच्या भाकरी थापत. वांग्याची झणझणीत भाजी, ठेचा, जवसाची चटणी आणि तिच्यावर कच्चं तेल. रोज घरी मिळतं तेच खाणं, पण मी त्या दिवसाची पोळ्यापासून वाट पाहायची. त्या दिवशी बाबा आणि काका एका पातेल्यातून जेवत, आणि तेवढा वेळ आमचं घर घर वाटे.

त्या वर्षी मी दहा वर्षांची होते. सोंगलेल्या, म्हणजे कापलेल्या सोयाबीनची सुडी, मोठी गंजीच, बांधाजवळ रचून ठेवली होती. मळणीचं मशीन सकाळी येणार म्हणून तिच्यावरची ताडपत्री काढून घडी घालून ठेवली होती. मशीन काही आलं नाही. कोणाच्या तरी शेतात अडकलं, असा निरोप आला. दुपार झाली तेव्हा आबा म्हणाले, "बसा, जेवून घ्या."

काका माझ्या आणि बाबांच्या समोर बसले होते, शेजारच्या रिठद गावाकडे पाठ करून. बाबा नुसतीच चटणी भाकरीला लावून खात होते. काकांनी ते पाहिलं, तेलाची बाटली उचलली, हात लांब केला आणि बाबांच्या ताटात तेल ओतलं.

"घे दादा. कोरडी नको खाऊ."

बाबा म्हणाले, "पुरे, पुरे." मला नाही, काकांना म्हणाले. आईने काकूकडे पाहिलं. माझा घास तोंडातच राहिला.

तेवढ्यात काकांच्या खांद्यावरून मला आभाळ दिसलं. रिठदच्या बाजूने काळंकुट्ट भरून आलं होतं आणि खालच्या अंगाला पावसाचा पडदा दिसत होता. काय करायचं ते शेतकऱ्याच्या दहा वर्षांच्या पोरीला कळतं. "पाणी येते" एवढं म्हणायचं होतं. पाच मोठी माणसं होती, सुडी झाकायला किती वेळ लागला असता! पण सगळे उठले असते, पंगत मोडली असती, आणि संध्याकाळी पुन्हा "तुया काकाले सांग" सुरू झालं असतं.

मी गप्प राहिले. एवढंच नाही, पोट भरलेलं असताना आणखी एक भाकर मागून घेतली. माझं जेवण संपेपर्यंत कोणाला उठता येणार नव्हतं.

मग वारा आला आणि त्याच्यापाठोपाठ पाऊस. ताडपत्री उलगडता उलगडताच हातातून सुटली. तीन दिवस तो पाऊस थांबला नाही. मशीन आलं तेव्हा सुडी फोडली, तर आतून वाफ निघाली आणि आंबूस वास आला. शेंगांमध्ये दाण्यांना कोंब फुटले होते.

त्या संध्याकाळी दोघं मधे कोणाला न घेता बोलले.

काका म्हणाले, "तुयं तोंड तिकडंच होतं. तुले आभाय दिसलं नाही?"

"दिसलं असतं तं बसून राह्यलो असतो काय?"

"दिसलं तुले. तुयं सडलं तरी चालते, पण माह्यं सडावं म्हून बसून राह्यला तू."

मी दाराआड उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं, ते माझ्याच्याने बोलवलं नाही. दिवाळीच्या आत घरात दुसरी चूल पेटली. आबा गेल्यावर शेतात मधोमध बांध पडला. मळणीला दोघांकडे एकच मशीन एकाच दिवशी येई. आम्ही बांधाच्या अलीकडे जेवायचो, ते पलीकडे. ते काय खातात तेसुद्धा दिसायचं. चार वर्षांपूर्वी काका वारले. बाबा स्मशानात मागे उभे राहून परत आले, आणि तेराव्याला "भूक नाही" म्हणून पंगतीला बसले नाहीत.

मागच्या दिवाळीत माहेरी गेले होते. बाबा खाटेवर बसून दुधात भाकर कुस्करत होते. दात राहिले नाहीत, जेवण कसंबसं होतं. काय झालं कोण जाणे, मी बोलून टाकलं.

"बाबा, त्या दिवशी मले आभाय दिसलं होतं. मी मुद्दाम बोलली नाही. तुमी दोघं जेवून राह्यले होते म्हून."

ते रागावतील किंवा डोक्यावरून हात फिरवतील, असं वाटलं होतं. त्यांनी कुस्करणं थांबवलं नाही.

"मलेबी दिसलं होतं," ते म्हणाले.

"मंग उठले काहून नाही तुमी?"

"त्यानं तेल वाढलं होतं ना."

इतकी वर्षं मी एकटीने बाळगलेलं ओझं त्यांच्याकडेही होतं, हे ऐकून हलकं वाटायला हवं होतं. मला त्यांचा भयंकर संताप आला. काका इतकी वर्षं बांधापलीकडे होते, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर, आणि भावाने आपलं वाटोळं केलं हेच मनात धरून गेले.

"मंग काकाले हे सांगाचं होतं, बाबा! एकदा तरी सांगाचं होतं!"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अजून दहाच वर्षांची आहे.

"असं सांगते काय कोणी?"