संसारम् इल्ला

सदाभाऊ गेल्याचा फोन बाबूचेट्टननं केला तेव्हा मी शारजातल्या अल मजाजच्या घरी इस्त्री करत होते. बाबू हा रोल्लातल्या खोलीत सदाभाऊंच्या शेजारच्या पलंगावर झोपणारा केरळी माणूस. सगळे त्याला चेट्टन, म्हणजे थोरला भाऊ, म्हणतात. त्याला रडू आवरत नव्हतं. मी चपला घातल्या आणि लिफ्टमध्ये फोन उघडला, तर आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर श्रद्धांजलीचं पोस्टर येऊनही पडलं होतं. बर्फाच्या डोंगरापुढे हात पसरून उभे असलेले सदाभाऊ... धड कुणा परक्याचं, डोकं तेवढं त्यांचं. खाली ठळक अक्षरांत ‘विश्वप्रवासी’. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग, आणि मध्येच कुणीतरी विचारलेलं, ‘रविवारच्या बिर्याणीची ऑर्डर कुणाकडे द्यायची?’ मला किळस आली. काही आठवडे उलटले तरी ती गेलेली नाही. तेव्हा हा लेख गोड होणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

विश्वप्रवासी कसले? कुडाळजवळच्या गावाहून शारजा आणि शारजाहून गाव, एवढाच त्या माणसाचा प्रवास. आमच्या टॉवरमधले एसी ते दुरुस्त करत. भर उन्हाळ्यात आमचा एसी बंद पडला तेव्हा शिडीवरून त्यांनी माझं वसईचं मराठी ऐकलं आणि खाली वाकून म्हणाले, “बाय, तुमी आमच्यातलेच की!” तेव्हापासून घरोबा झाला. राहायचे रोल्लात, एका खोलीत सगळे मल्याळी आणि हे एकटे मराठी. रिमोट अर्थातच मल्याळ्यांच्या हातात. त्यांच्या एका चॅनेलवर वर्षानुवर्षं चालत आलेली प्रवासाची मालिका आहे. एक गृहस्थ कॅमेरा घेऊन देशोदेशी हिंडतात आणि मागून भारदस्त आवाजात वर्णन चालू असतं. सुरुवातीला सदाभाऊ वैतागायचे. मग एक गंमत त्यांच्या ध्यानात आली. रूममेट आपसात बोलले की एक अक्षर कळत नसे, पण त्या निवेदनातलं मात्र बरंचसं कळे. भूमी, समुद्रम्, पर्वतम्, नगरम्, मनुष्यन्, जीवितम्... “बाय, ह्यांचे जड शब्द सगळे आपलेच! मागे नुसती शेपटी लावलीय.” त्या आनंदात ते मल्याळम शिकले ते थेट मालिकेतूनच. परिणाम असा, की ग्रोसरीत कांदे मागायचे तेसुद्धा निवेदकाच्या थाटात. ‘आता आपण कांद्यांच्या साम्राज्यात प्रवेश करीत आहोत’ असलं काहीतरी. दुकानदार पोट धरधरून हसायचा.

बघितलेला देश दुसऱ्याला सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मंडळाच्या सहलीला, आमच्या घरी ख्रिसमसला, सगळीकडे तेच. सुट्टीच्या दिवशी दुबईतल्या मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पात आपल्या कोकणातल्या माणसांकडे जायचे, लॅपटॉपवर भाग लावायचे, आवाज बंद करायचे आणि स्वतः मराठीत निवेदन करायचे. माणसं अंगातल्या बनियनने घाम पुसत हिमनद्या बघायची. आणि रोज संध्याकाळी जेवणाआधी गावी बायकोला, शुभांगीवहिनींना, फोन. मूलबाळ नव्हतं. वर्षातून एक महिना गावी, बाकी सगळं फोनवर. वहिनी पहिला प्रश्न ठरलेला विचारायच्या, “आज खंय गेल्लात?” म्हणजे आज कुठला देश, की हे निघाले पेरूला.

आईच्या ऑपरेशनसाठी मी वसईला गेले होते तेव्हा त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा पूर्ण गेली. बाबूचेट्टन बिचारा दवाखान्यात एकटाच धावपळ करत होता. त्याने मंडळाच्या अध्यक्षांना फोन केला. त्याचं हिंदी मोडकंतोडकं. पण सदाभाऊंनीच त्याला पढवून ठेवलेलं, की तुमचा जड शब्द बिनधास्त वापर, मराठी माणसाला कळतो. मल्याळममध्ये बोलण्याला, वाचेला म्हणतात संसारम्. बाबू म्हणाला, “सदाभाई हॉस्पिटलमें. बीपी बहुत हाय. संसारम् पूरा खलास. वाइफको कौन बोलेगा? आप बोलो.”

आता अध्यक्षांनी काय ऐकलं, ते मराठी वाचकाला सांगायला नको. नवरा-बायकोचं फाटलं, त्या धक्क्याने माणूस दवाखान्यात गेला. एकाने, फक्त एकाने, उठून दवाखान्यात जायचं होतं. शारजातल्या शारजात! पण नाही. चघळायला एवढा रसाळ विषय मिळाल्यावर जातो कोण? कुणी म्हणे फिलिपिनो बाई आहे, कुणी म्हणे गावाकडेच काहीतरी आहे. मी परतले तेव्हा अध्यक्षांच्या सौभाग्यवतींनी मला कॉफीबरोबर ही बातमी वाढली. भेटायला कोण गेलं, असं मी विचारलं तर अध्यक्ष म्हणाले, “पर्सनल मॅटर आहे हो. आपण इंटरफिअर कशाला करायचं?” आणि सौभाग्यवतींचा मात्र गावी वहिनींना फोन करून झाला होता, ‘तुमच्यात नेमकं काय झालं?’ म्हणून. याला इंटरफिअर म्हणत नाहीत.

वहिनींनी घाबरून नवऱ्याला फोन लावला होता. बाबूने फोन सदाभाऊंच्या कानाशी धरला. पलीकडून त्या विचारतायत, रडतायत, आणि इकडून शब्द नाही. शेवटी बाबूने स्वतः समजावलं, “सिस्टर, संसारम् इल्ला. नो संसारम्.” बाईंनी त्यानंतर फोन केला नाही. करतील कशाला? अनोळखी माणसाच्या तोंडून नवऱ्याचा निरोप मिळाला होता.

मी दवाखान्यात पोहोचले तेव्हा सदाभाऊ डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होते. उशाशी बाबूच्या मोबाइलवर त्यांची मालिका हळू आवाजात चाललेली. बाबू मलाही तेच म्हणाला, संसारम् इल्ला. मी चिडूनच विचारलं, “चेट्टा, संसारम् मतलब क्या?” त्याने ओठांवर बोट ठेवलं, मग बोटांची चोच उघडमीट करून दाखवली. “टॉकिंग, सिस्टर. टॉकिंग.”

तिथूनच वहिनींना व्हिडिओ कॉल लावला. एवढंच म्हटलं, “वहिनी, भाऊ रागावलेले नाहीत, त्यांची वाचा गेलीय.” वहिनी पदराने तोंड पुसून म्हणाल्या, “आज खंय गेल्लात?” सदाभाऊंचा जबडा हलला. आवाज आला नाही, डोळ्यांतून पाणी तेवढं वाहिलं. तेव्हा वहिनीच बोलायला लागल्या. आता तुम्ही तिठ्यावर उतरलात, आता पुलावरून येताय, वाटेत सावतांचा कुत्रा भुंकतोय... असं करत करत त्यांनी त्यांना घरी आणून अंगणातल्या खळ्यात बसवलं. पुढे रोज बाबू फोन लावून धरायचा. थोडेच दिवस मिळाले. त्या बाईचे त्याआधीचे कितीतरी दिवस या लोकांनी कॉफीबरोबर पिऊन टाकले होते.

शोकसभा झाली. एसी हॉल, समोसे, स्क्रीनवर तोच बर्फाचा डोंगर. अध्यक्ष गहिवरून म्हणाले, “आनंद एवढाच, की मतभेद विसरून शेवटी तरी त्यांचा संसार पुन्हा जुळला.” मी उठले आणि संसारम् म्हणजे काय ते भर सभेत सांगितलं. वाटलं, माना खाली जातील. हसले हो! “अरे व्वा, काय गंमत असते ना भाषेची!” एकाने तर विचारलं, हे लिहून पाठवता का, फॉरवर्ड करायला छान आहे. अध्यक्ष हात झटकत म्हणाले, “मिसअंडरस्टँडिंग झालं, हबीबी, खलास.” बाबूचेट्टन मागच्या खुर्चीवर मान खाली घालून बसला होता, जणू सगळं त्याच्यामुळेच झालं. घरी येऊन धुसफुसत होते तर मुलगा म्हणाला, “मम्मा, जस्ट लीव्ह द ग्रुप.” ग्रुप तर सोडलाच. पण शिसारी ग्रुप सोडल्याने जात नाही.

त्याच रागात मी वहिनींना फोन करून सगळं सांगितलं. तो शब्द, त्याचा अर्थ, कुणी काय ऐकलं, कुणी काय पसरवलं, सगळं. मला वाटलं, त्याही माझ्यासारख्या पेटून उठतील, त्या लोकांना चार शिव्या घालतील, मला जरा बरं वाटेल. त्यांनी एवढंच विचारलं,

“बोलण्याक संसार म्हणतत ते?”

“हो, वहिनी.”

“मगे त्या चेट्टनाक सांगा, तेना काय चुकीचा सांगूक नाय. आमचो संसार म्हंजे फोनवरचा बोलणाच होता. ता बंद झाला, तेवाच तो संपलो.”