अकरावी साडी

त्या दिवशी शाळेच्या फाटकाशी मी होते, माझी नात कमळी होती, गल्लीतल्या दहा बायका होत्या आणि शेजारचे रंगारी मामा. अख्ख्या अग्रहारात, म्हणजे आमच्या आळीत, मामांएवढा हट्टी माणूस झाला नाही. वाडवडलांनी कापड रंगवलं, हे कोर्टात शिपाई झाले. दाराशी उभं राहून राहून सगळा कायदा कानात भरून घेतला. पाच वर्षांच्या पोराला पण "अहो" म्हणायचे. विचारलं तर सांगायचे, "अक्का, मूल हक्क घेऊनच जन्मतं. हक्कदाराला अरे कसं म्हणू?" एकदा पोरांसमोर जावयाच्या तोंडातली विडी काढून त्याच्याच हातातल्या तांब्यात बुडवली. लेक चार महिने माहेरी आली नाही.

शाळेपासून शंभर वारांत तंबाखू विकायची नाही, असा कायदा. मामांना टेप पटेना. "नऊवारी म्हणजे नऊ वार. अकरा साड्या, वर माझा वारभर पंचा. आय्तु, झाले शंभर!" दहा बायकांनी साड्या दिल्या. मी दिली नाही. माझी पेट्टी अंगडी, पेटीएवढं लाकडी दुकान, त्याच रस्त्यावर. नवरा गेल्यापासून तंबाखूच्या पुड्यांच्या माळांवरच चूल पेटायची. साड्या टोकाला टोक लावून पसरल्या, त्या माझ्या दुकानाच्या जरा अलीकडं संपल्या. बायका हसल्या, "नोडी, बघा, अक्का सुटल्या!" मामांनी पंचा खांद्यावर टाकला. म्हणाले, "एक साडी कमी आहे. येईल तेव्हा मोजू."

शाळा सुटली की दुकानावर कमळीच बसायची. गिऱ्हाइकाला पुडी तोडून द्यायची, एखादी स्वतःच्या गालात ठेवायची. मला ठाऊक नव्हतं. तसं म्हणते, पण वास येत होता. दोन वर्षांनी तिचं तोंड उघडेना, घास जाईना. डॉक्टर म्हणाले, लवकर आणायचं होतं.

मी रडले नाही. नऊवारीची घडी करून मामांच्या कट्ट्यावर ठेवली. सकाळी त्यांनी बाकीच्या दहा पुन्हा मागून आणल्या. माझी साडी दुकानाच्या फळीपुढनं पार पलीकडं गेली. मामा कमळीला म्हणाले, "अहो, टोक धरता?" तिनं धरलं. मी माळा उतरवल्या. आता तिथं मल्लिगेचे गजरे विकते.

मामा गेल्या पावसाळ्यात गेले. पंचा माझ्याकडं आहे. कमळी अजून मिक्सरमधला भात खाते, हसली की नुसते ओठ हलतात.

हे वाचणाऱ्यांनो, कुणी तुमच्या दारी अशी साडी मागायला आलं, तर पहिल्याच दिवशी द्या.